हाकेची तपासणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९-२-१९९४

चि. सोमशेखर यास अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. काय लिहावं तेच सुचेना.

तुझा मुलगा दहा महिन्यांचा झाला म्हणून सूनबाई विद्याश्री आणि मी त्याला तपासणीला नेलं. वजन केलं, टेपनं डोकं मोजलं. शिंप्यासारखं डोकं कशाला मोजतात, मला कळलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मागं उभं राहून तीनदा "गुरुसिद्ध" अशी हाक मारली. आपला अप्पा टेबलावरची चादर ओढत बसला, मान काही वळवली नाही. बाईंनी कार्डावर लिहिलं. बहिरा आहे का विचारलं, तर म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही, पंधरा दिवसांनी आणा, मग कानाच्या तपासणीचं ठरवू.

घरी मी थाळी वाजवली. पोरगं दचकलं. शेजारच्या धोंडुबाई म्हणतात, फरशी हादरली म्हणून दचकलं की. मग ऐकू येतं का नाही? विद्याश्री जेवत नाही. तुझी अव्वा दोन्ही वेळा दृष्ट काढते. मला काहीच उमजत नाही.

तुझा,
अण्णा

नाशिक
१४-२-१९९४

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मग एक गोष्ट ध्यानात आली.

आपण बाळाला पणजोबांचं नाव ठेवलं. बारशानंतर ते घरात कुणी उच्चारलं का? अव्वा सासऱ्याचं नाव घेत नाही. तुम्ही वडिलांना नावानं हाक मारणार नाही. थोरल्यांच्या नावानं पोराला रागवायचं नाही म्हणून अव्वानं विद्यालाही अडवलंय. सगळे त्याला अप्पाच म्हणतो. मग गुरुसिद्ध कोण, हे त्याला कुणी सांगायचं?

मागं उभं राहून अप्पा म्हणून बघा. तरीही दवाखान्याची तारीख चुकवू नका.

आपला,
सोमशेखर

कोल्हापूर
२६-२-१९९४

चि. सोमशेखर यास आशीर्वाद. तुझी जोडाक्षरं मला लागली नाहीत, विद्याश्रीनं दोनदा वाचून दाखवलं. मी मागं जाऊन हळूच अप्पा म्हटलं. गर्रकन वळला आणि माझा चष्माच ओढला. विद्याश्री रडली, मग पोटभर जेवली.

दवाखान्यातही अप्पा म्हटल्यावर वळला. बाई हसल्या, कान चांगले आहेत म्हणाल्या. पण म्हणाल्या, खऱ्या नावाचीही सवय लावा, शाळेत अप्पा कोण म्हणणार? इथं माझा पुन्हा घोळ झाला. तुझ्या अव्वाला सांगितलं तर ती पदर सावरून स्वयंपाकघरात गेली. विद्याश्री तिच्या मागं. शेवटी मी दार लोटून घेतलं आणि गुरुसिद्ध म्हटलं. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. पोरगं खेळतच राहिलं. मीच भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे बघून टोपी सारखी केली आणि उभा राहिलो.

अशानं तो कधी शिकणार? आजोबांचं नाव तुझ्या तोंडी तरी बसेल. रजा काढून ये आणि चार दिवस तूच हाक मार. येणं जमत नसेल तर दोन ओळी लगेच टाक. टपालवाला गल्लीत आला की मी दारात जातोय.

तुझा,
अण्णा