मा. पास झाली तर

१२ जानेवारी १९९७, रवि.
मा.चा फोन. माझी माधवी ऑस्ट्रेलियात, पर्थला दुपार, नेरूळला सकाळ, चहा गार. आवाज बसलेला. म्हणाली, "आठ वर्षं कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन दिलं, विभाग चालवला, आणि इथे माझ्या ट्रीटमेंट प्लॅनवर सही सीनियरची. तो माझ्याहून लहान आहे हो!" मी हसलो. हसायला नको होतं.
इथली एमडी तिथल्या स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या संस्थेला अर्धीच मान्य. दोन वर्षं देखरेखीखाली काम, त्यात परीक्षा, मग स्पेशालिस्ट म्हणून नोंदणी. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत अडकली. आता मार्चमध्ये पुन्हा, ही शेवटची. नापास झाली तर तात्पुरती नोंदणी संपते, म्हणजे बॅग भरून घरी. पास झाली तर तिथेच कायमची नोकरी आणि मी न् लेक चिनूने तिकडे जायचं. असं ठरलंय. म्हणजे तिने ठरवलंय, मी हं म्हटलंय.

२० जाने.
अण्णांपाशी विषय काढून पाहिला. जन्म गेला बाजारात गोणी वाहण्यात, आता गुडघे धरलेत. "सातारा सोडून हितं आलो त्येवडं बास झालं. आता इमानात बसून कुटं मरायला जाऊ?" आणि टीव्ही मोठा केला. विषय खलास.
आई गेल्यावर त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? एकटं टाकून जाणं माझ्याच्याने व्हायचं नाही. मा.ला हे कळत असणार. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

९ फेब्रु., रवि.
दिवाळे गावची कोळीण हिराबाय दारात, बोंबील घेऊन. मा.ची जुनी पेशंट, गालाचा कॅन्सर. मा. गेली तेव्हा हिची लाईट, म्हणजे रेडिएशन, अर्ध्यावर होती, नव्या डॉक्टरने पुरी केली. टोपली उतरवताना पदर सरकला तर मानेवर जांभळ्या रेघा! मशीन कुठे धरायचं त्याच्या खुणा. मा. स्वतः शाईने काढायची आणि बजावायची, पुसू नका, पाणी लावू नका. पण लाईट संपून दोन वर्षं होत आली.
"बायने सांगितलं पुसू नको. मंग बाय गेली. आता धू म्हनून कोन सांगनार? पुसट झाल्या का नात काढून देते."
कशाने? तर स्केचपेनने. रोज पाण्यातलं काम, आणि ही बाई मान कोरडी ठेवून जगतेय. चिनू डोळे फाडून बघत होती.
"डाक्टरीनबाय कवा येनार हाय?"
परीक्षा आहे म्हणालो.

१६ फेब्रु., रवि.
मा.ला फोनवर हिराबायचं सांगितलं. आधी खो खो हसली.  मग म्हणाली, "तिला सांगा, माधवी डॉक्टरनी सांगितलंय, आता साबण लावून स्वच्छ धुवा." एवढं बोलून रडायला लागली.  म्हणणार होतो, ये गं परत. म्हटलं काय, तर अभ्यास कसा चाललाय. गाढव आहे मी.

१७ फेब्रु.
ऑफिसातून येताना दिवाळ्याला गेलो, निरोप दिला. हिराबायने लगेच धुतलं नाही. "आज र्‍हाऊ दे," म्हणाली.

८ मार्च
पोळ्या करत होतो. (होय, आता गोल होतात.) मा. हॉस्पिटलातून आली की बोटांना ती जांभळी शाई असायची, घासून जायची नाही, कधीकधी कणकेत उतरायची. मी कटकट करायचो, विषारी नाही ना गं ही? आज पोळ्या पांढऱ्याफेक. खाववल्या नाहीत. तिची फार आठवण येतेय. बस, एवढंच.

२५ मार्च
परीक्षा झाली. "बरी गेली" म्हणाली. मा.चं 'बरी' म्हणजे पहिला नंबर.

१३ एप्रिल, रवि.
अण्णांनी तुर्भ्याच्या बाजारातून जुन्या ओळखीवर हापूसची पेटी आणवली. चिनू शिवेना. आई पास होईपर्यंत आंबा नाही, देवाला सांगितलंय म्हणे. तिच्या डोक्यात, पास झाली की आई येणार. तिची तरी काय चूक, तिला परीक्षेनंतर सुट्टी लागते आणि माणसं आपापल्या घरी जातात, एवढंच ठाऊक. मी दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी देवापुढे तिच्या शेजारी हात जोडून उभा राहिलो. ती पास मागत होती. मी काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.

४ मे, रवि.
पास.
मा. ओरडलीच फोनवर. इतकी खूश मी तिला चिनू झाली तेव्हाच पाहिलं होतं. आणि मलाही, खरंच, छाती फुगल्यासारखं झालं. ते झाल्यावर आठवलं, म्हणजे आता आम्ही तिकडे.
"तुम्ही पासपोर्टचं बघायला घ्या," म्हणाली. हं.
चिनू सोसायटीत दारोदार सांगत फिरली, आई पास झाली, आई येणार! लोक अभिनंदन करतायत. आंब्याच्या रसाने फ्रॉक गेला. अण्णा मला गॅलरीत घेऊन गेले. त्यांना सगळं कळलेलं. "पोरीला आज काय सांगू नगंस. आन माज्यापायी थांबू नगंस." दुसरं वाक्य रस्त्याकडे बघत बोलले.

५ मे
चिनू: विमानतळावर कधी जायचं?
उद्या सांगतो.

११ मे, रवि.
आठवडाभर उद्या-उद्या. ठरत काही नाही. अण्णांनी जेवण अर्धं केलंय.
मा.चा फोन. आवाज मोकळा, जुन्यासारखा. काल पहिल्यांदा प्लॅनवर स्वतः सही केली म्हणे. "चिनूशी बोलते, तिच्यासाठी शाळा बघून आलेय. द्या तिला."
झोपलीय म्हणालो.
चिनू समोरच उभी होती, हात पुढे करून.
"बरं, परत करते," म्हणून मा.ने ठेवला. मीही ठेवला.
"बाबा, मी कुठे झोपलेय?"