पौषातला मोगरा

नाशिक रोड. पौष, १९९८. शनिवार संध्याकाळ.

मान खाली घालावी असं आज वागलो. वाचनालयात त्या पेशवाईतल्या प्रेमकादंबरीवर चर्चा होती. नेहमी गप्प बसणाऱ्या इंदूताई आज पहिल्यांदाच बोलायला उठल्या. म्हणाल्या, "ती ऐन पौषात मोगऱ्याचा गजरा हातात घेऊन बसते ना, ते पान वाचताना मला..."

मी मध्येच तोडलं. "पौषात मोगरा? ताई, आमचा फुलांचा मळा आहे. मोगरा उन्हाळ्यात फुलतो. लेखिकेला एवढंही ठाऊक नाही!"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "भाऊंच्या तावडीतून पेशवेसुद्धा सुटायचे नाहीत!" मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू? इंदूताई मात्र "राहू द्या भाऊ, मला काय कळतं" म्हणत खाली बसल्या.

घरी येऊन हिला ऐटीत सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, तो वाळलेला गजरा आहे. त्यानं चैत्रात निरोप घेताना दिलेला. तिनं जपून ठेवलाय. वाचलं नाही का?"

पान काढलं. ओळ होतीच. पौष आणि मोगरा एवढंच दिसलं, आणि मी पेन्सिलीनं फुली मारून पुढं गेलो होतो. आठवीत शाळा सुटली, बाकी सगळं वाचून शिकलो, ही माझी मिजास. आणि वाचतो असा?

उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी मागेन. त्या "असू द्या" म्हणतील, चहाही देतील. पण तो गजरा वाचताना त्यांना काय झालं, हे आता कुठल्या तोंडानं विचारू?