डावीकडचा माईक

पिको रिव्हेरा, कॅलिफोर्निया
मंगळवार, १२ सप्टेंबर २०२३

फर्मीन पोरा,

तुला, तुझ्या बायकोला आणि मी अजून न पाहिलेल्या तुझ्या नातीला माझा आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे. कोंबड्या गेल्या, लिंबाचं झाड आहे. फोनवर बोलले तर रोहेलियो भिंतीपलीकडून ऐकतो, म्हणून हे पत्र. तुझ्या बहिणीकडून टूसॉनच्या प्रार्थनाघराचा पत्ता घेतला. तुमचे पास्टर आधी फोडून वाचणार असतील तर त्यांनाही नमस्कार.

लिहून घेतेय ती शेजारची ओर्तेन्सिया. तू आणि माझा रोहेलियो आमच्या अंगणात रॅपची तालीम करायचात तेव्हा पोलिसांना फोन करायची, तीच. अक्षर सुंदर आहे, आणि तिच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं. तिने पेन थांबवलंय. लिही बाई, खोटं काय आहे त्यात.

शनिवारचं सांगते. इथल्या घोड्यांच्या रिंगणात जुन्या मंडळींचा हिप-हॉपचा कार्यक्रम होता. जुनी म्हणजे तुमच्याच वयाची. एकेकाळी ज्यांना बघून मी दाराला कडी लावायची, ते स्टेजमागे रांगेत बसून रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते. एकाने गुडघ्याला पट्टा बांधला होता. एकजण चष्मा लावून स्वतःचंच गाणं पाठ करत होता. सगळे मला अजून आई म्हणून आमाच म्हणतात. त्यांनी विचारलं, "आमा कूका, पोसोले आणलंय का?" मका घातलेल्या मांसाच्या रश्शाचं मोठं पातेलंच आणलं होतं. माझ्या लेकाने सगळ्यात शेवटी गायचं होतं.

आवाजवाला डावीकडचा, तुझा माईक उचलायला आला. रोहेलियो म्हणाला, "राहू दे तिथेच." तू गेल्यापासून तो प्रत्येक ठिकाणी हेच म्हणतो. तुम्ही दोघं गायचात तेव्हा ओळ तो सुरू करायचा, शेवटचे शब्द तू उचलायचास, आणि तेवढ्यात तो श्वास घ्यायचा. अंगणात धुणं वाळत घालता घालता मला ते कळलं होतं. आता तुझे शब्द आले की तो गप्प उभा राहतो आणि लोक ते म्हणतात. लोकांना वाटतं गाणं तसंच आहे.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात तुझी जागा आली, तो गप्प, लोक म्हणाले. मग त्याची ओळ आली, तरी तो गप्पच. मी खुर्चीची कड धरली. त्याचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि बाहेर काही येत नव्हतं. मग त्याने माईक लोकांकडे धरला.

लोकांना वाटलं, आज हा आख्खं गाणं आपल्याला देतोय. काय ओरडले, फर्मीन. तुमच्यात माईक पुढे धरला म्हणजे मान दिला, दुसरं काही कोणाच्या मनातच येत नाही. टोप्या उडाल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बघा आजी, किती मोठ्या मनाचा माणूस."

"माझाच आहे," मी म्हटलं, आणि शेवटपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत बसले.

स्टेजमागे गुडघ्याच्या पट्ट्यावाला त्याला म्हणाला, "काय डोकं चालवलंस, भावा. पुढच्या वेळी मीही सगळं काम लोकांनाच देतो." रोहेलियो हसला. आवाज न करता हसला.

सर्दी आहे त्याला. ओर्तेन्सिया विचारतेय म्हणून सांगते, सर्दी आहे.

येत्या २३ तारखेला सॅन बर्नार्डिनोला असाच कार्यक्रम आहे. त्यानंतर तो जरा विश्रांती घेणार आहे. तू यावंस असं मला वाटतं. त्याने सांगितलेलं नाही. तो सांगेल तोवर मी मातीखाली असेन.

तू रागावलास ते बरोबरच होतं. तू पाण्याच्या टाकीत बुडून, बाप्तिस्मा घेऊन नवा झालास, आणि त्याने भर कार्यक्रमात त्या बाप्तिस्म्याचं गाणं केलं, नाक धरून बुडणाऱ्या फर्मीनचं. लोक हसले. मीही हसले असते, पण तू स्टेजच्या कडेला उभा होतास आणि मला तुझा चेहरा दिसत होता. तू माईक खाली ठेवलास आणि गेलास.

पण पोरा, तुमचा देव आणि माझा देव एकच आहे. तुमच्याकडे टाळ्या जास्त वाजतात एवढंच. शिव्यांच्या ओळी रोहेलियोच्या आहेत. तुझ्या वाट्याला शेवटचे शब्द येतात, आणि त्यातली निम्मी आपल्या गल्ल्यांची नावं आहेत. गल्लीचं नाव घेतलं म्हणून कोणी नरकात जात नाही. पास्टरना विचार.

इथपर्यंतचं ओर्तेन्सियाने वाचून दाखवलं. पत्र छान झालंय. पण एवढ्यावर तू येणार नाहीस. सर्दीसाठी टूसॉनहून कोण येतं. तेव्हा ओर्तेन्सिया, लिही आता, आणि मग हवं तर घरोघरी जाऊन सांग.

त्याच्या गळ्यात कर्करोग आहे. २६ तारखेला डॉक्टर त्याचं स्वरयंत्रच काढणार आहेत. मग गाणं नाही, बोलणंही नाही. त्याने मला कोणाला सांगू दिलं नाही. म्हणतो, लोकांना कळलं तर ते ऐकायला येणार नाहीत, बघायला येतील. २३ ला एखाद्या गाण्यानंतर आवाज जाणार, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. लोक एकदा फसले. दुसऱ्यांदा ते ओळखतील, आणि तो तिथे एकटा उभा असेल.

ओर्तेन्सियाने पेन खाली ठेवलं होतं. आता उचललंय. म्हणते, "मी कोणाला नाही सांगणार, कूका." बघू.

खाली सहीच्या जागी माझी फुली आहे. शाळेच्या कागदांवर माझी फुली तुम्ही दोघं काढायचात आणि माझ्यापेक्षा सरळ काढायचात. ही वाकडी आहे, म्हणजे माझीच.

✕

पिको रिव्हेरा
रविवार, ८ ऑक्टोबर २०२३

फर्मीन पोरा,

मला न भेटता गेलास, म्हणून या वेळी आशीर्वाद अर्धाच. उरलेला घरी येशील तेव्हा.

सॅन बर्नार्डिनोला पहिलं गाणं त्याने एकट्याने ओढलं. दुसऱ्यात आवाज गेला. त्याने माईक पुढे धरला, आणि या वेळी लोक ओरडले नाहीत, नुसते बघायला लागले. पुढे उभ्या असलेल्या एकाने बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात डावीकडून शब्द आले.

पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. प्रवचनाला आल्यासारखा दिसत होतास. नुसते शेवटचे शब्द नाही, त्याच्याही ओळी उचलल्यास. शिवी आली की तू थांबायचास, आणि ती जागा रोहेलियो उरल्यासुरल्या आवाजात भरायचा. लोक हसून हसून रडले. माझ्या लेकाचे स्टेजवरचे शेवटचे शब्द शिव्या होते. त्याला शोभलं.

ओर्तेन्सियाने खरंच कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तिला झोप नाही.

आज ती लिहीत नाहीये. ऑपरेशन झालं, आणि हे रोहेलियो लिहितोय. मला लिहिता येत नाही, त्याला बोलता येत नाही. दोघांचा मिळून एक धड माणूस होतो. तुला पत्र घातलं म्हणून माझ्यावर ओरडायचं होतं त्याला. शेवटी टेबलावर मूठ आपटली.

त्याला म्हटलं, लिही, त्या टाकीच्या गाण्याबद्दल, फर्मीन, मी तुला… इथे त्याने पेन थांबवलं. मी घाई केली नाही. लिंबाकडे बघत बसले. आता लिहितोय, मी काही न सांगता.

फर्मीन, तू नाक धरलं नव्हतंस. मी आलो होतो तिथे, मागच्या बाकावर बसलो होतो. मी पाहिलं होतं. गाण्यात खोटं घातलं.

काय लिहिलंस विचारलं तर गळ्याकडे बोट दाखवतो. ही सबब आता जन्मभर चालणार. असू दे. ओर्तेन्सियाकडून वाचून घेणार नाही. जे आहे ते तुझं.

फुलीसाठी पेन मागितलं तर जुन्या सवयीने त्यानेच ती काढली. सरळ आली आहे. तिच्या उजवीकडे मी माझी काढते. डावीकडे जागा सोडली आहे.

तुमची आमा

    ✕ ✕