फळीवरचा चारशे सतरा

गढा, जबलपूर
२ मार्च २०२५

चि. यशश्री हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

चौदा महिन्यांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा राग कुठवर आला ते आधी सांगतो. निम्मा उरला आहे. चांगला फ्लॅट सोडून इंग्लंडातल्या कालव्यात जुनी लाकडी नाव घ्यायची आणि तिच्यातच संसार थाटायचा, असली मुलगी आपल्या सात पिढ्यांत झाली नाही. शेजाऱ्यांना मी अजून ‘पाण्याजवळ राहतात’ एवढंच सांगतो. फोनवर मला ऐकू येत नाही; फॅक्टरीतल्या घणांनी कान नेले. म्हणून कागदावर लिहितो आहे, आई फोटो काढून तुला पाठवेल.

तिच्याकडून कळलं की नावेच्या तळाच्या दोन फळ्या कुजल्या आहेत, बावीस एप्रिलला तपासनीस येणार आहे आणि त्यानं नापास केलं तर नाव कालव्यातून कायमची काढावी लागेल. म्हणजे तुम्ही दोघं बेघर. ती नाव मला पसंत नाही, पण तू बेघर झालेली त्याहून पसंत नाही.

तर नीट वाच. नव्या फळ्या रंधून अशा जुळव की सांध्यात फटी मोजायच्या फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरता कामा नये. अडतीस वर्षं मी तोफांच्या गाड्यांचे भाग असेच जुळवले. पास झालेल्या भागावर प्रत्येक फिटर आपला नंबर ठोकायचा. माझा ४१७. तो काही तुझ्या नावेला मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

जावईबापूंना आशीर्वाद. उत्तर लिही, रुसलेला माणूससुद्धा पत्राची वाट बघतो.

तुझा,
बाबा


बर्मिंगहॅमजवळ, कालव्यावरून
१९ मार्च २०२५

ती. बाबांस यशूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की अंबरीशला पाठ झालं. तो ‘फीलर गेजचं पातं’ तुमच्या आवाजात म्हणून दाखवतो.

आता वाईट बातमी. तुम्ही लिहिलंत तस्संच केलं. नाव पाण्याबाहेर चढवून अकरा दिवस रंधा मारला. सांधे असे बसले की नख अडकत नव्हतं. चौदा तारखेला नाव पाण्यात सोडली आणि चौथ्या दिवशी सकाळी पलंगाखाली पाय ठेवला तर घोट्याएवढं पाणी! नवी फळी फुगून बाहेर आली होती, खिळे उखडले होते. शेजारच्या दोन नावांतली माणसं बादल्या घेऊन धावली, पंप लावला, म्हणून वाचलो. आता नाव पुन्हा काठावर आहे, आम्ही एका शेजाऱ्याच्या नावेत कोपरा धरून राहतो आणि तपासणीला महिना उरला आहे.

खरं सांगू? पुलापाशी राहणारा म्हातारा सुतार आधीच म्हणाला होता की सांध्यात फट ठेव. मी त्याला ऐटीत सांगितलं की माझे बाबा अडतीस वर्षं फिटर होते. तुम्ही चौदा महिन्यांनी बोललात आणि मी पहिलीच गोष्ट मोडायची? ते मला जमलं नसतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. फक्त पुन्हा गप्प बसू नका, एवढीच विनवणी.

आईला नमस्कार. तुमच्या मायेवर अजून हक्क सांगणारी,
यशू


गढा, जबलपूर
३१ मार्च २०२५

चि. यशूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही, हे आई सांगेलच. चूक माझी, शंभर टक्के माझी. लोखंड पाणी पीत नाही आणि मी जन्मभर लोखंडच हाताळलं. लाकडाला मी लोखंडाचा नियम लावला आणि माझ्या पोरीच्या घरात पाणी शिरलं. त्या सुताराची माझ्यातर्फे माफी माग.

तिसऱ्या दिवशी आईला घेऊन नर्मदेवर तिलवाऱ्याला गेलो. घाटावर बर्मन दद्दा म्हणून आहेत, नावा बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते बोलायचे आणि आई माझ्या कानाशी ओरडून सांगायची; अख्खा घाट गोळा झाला. माझ्या सांध्याचं वर्णन ऐकून ते इतके हसले की विडी विझली. मग म्हणाले की बाबूजी, लकडी पानी पियेगी तो फुलेगी कहां? त्यांनी उलट्या ठेवलेल्या नावेवरून माझा हात फिरवला. आतून फळ्या टेकलेल्या, बाहेरून मात्र रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी फट. तिच्यात सुताची वात ठोकून वरून डामर. लाकूड फुगलं की वात आवळते आणि सांधा आपोआप बंद होतो. शाळेत न गेलेल्या माणसानं मला म्हातारपणी फिटिंग शिकवलं आणि मी त्यांच्या पाया पडलो.

पण या वेळी तुला नुसतं सांगणार नव्हतो. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून सूत आणलं, दोन लाकडी पेट्या केल्या, एक माझ्या पद्धतीची, एक दद्दांच्या, आणि आठ दिवस अंगणातल्या हौदात बुडवून ठेवल्या. सहाव्या दिवशी माझ्या पेटीची फळी उचकटली. आवाज आईनं ऐकला, मी हात लावून पाहिला. दद्दांची पेटी आतून कोरडी ठणठणीत आहे. मापं सोबतच्या कागदावर काढली आहेत.

कुरियरनं एक पुडकंही येईल. त्यात चार, एक आणि सात असे तीन ठसे आहेत. आठ दिवस पाण्यात राहून थेंबही आला नाही, तरच ठोकायचे.

चुकलेल्या बापाला पदरात घे.
बाबा

ता. क. : यशू, आई लिहून राहिली आहे. आठ दिवस हौदाला हात लावू दिला नाही, धुणं सगळं तुंबलं. शेजारीण विचारते, भाभी, कपडे काहून नाही धुतले? मी सांगितलं, आमच्या मुलीचं घर भिजत घातलंय. आता हे सगळ्यांना सांगून राहिले आहेत की मुलगी नावेत राहते. मापासकट सांगतात.


कालव्यावरून, आपल्याच नावेतून
२३ एप्रिल २०२५

ती. बाबांस आणि ती. आईस शि. सा. नमस्कार.

पास! पास! पास!

तपासनीसबाईंनी तळाची फळी न् फळी हातोडीनं ठोकून पाहिली, दिवा घेऊन पोटावर झोपल्या, सांध्यावरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. त्यांनी सही केली आणि अंबरीशनं भोंगा वाजवला. मग पुढच्या नावेनं वाजवला, मग तिच्या पुढचीनं, असा तो आवाज वळणापर्यंत गेला. तुम्हालासुद्धा ऐकू आला असता, बाबा! म्हातारा सुतार टोपी काढून नाचला. बर्मन दद्दांची फट त्यानं बोटानं मापली आणि म्हणाला की हा माणूस मला भेटायला हवा. मी तर काठावर बसून मनसोक्त रडले.

आठ दिवस तर केव्हाच झाले होते, म्हणून काल संध्याकाळी ठसे काढले. नव्या फळीवर, आतल्या बाजूनं, चार ठोकला. एक ठोकला. सात ठोकला नाही. त्याची जागा खडूनं आखून ठेवली आहे. तो ज्याचा नंबर आहे त्यानं येऊन ठोकायचा.

वाट बघणारी, तुमची
यशू


गढा, जबलपूर
२५ एप्रिल २०२५

चि. यशूस आशीर्वाद.

पत्र मोहल्ल्यात वाचून झालं. तिलवाऱ्याला जाऊन दद्दांना पेढे दिले. त्यांनी एक नर्मदेला वाहिला आणि उरलेले खाल्ले.

पासपोर्टसाठी आमचे दोघांचे फोटो काल काढले. आईचा छान आला, माझा रागावलेला आला, पण तो चेहराच तसा आहे. राग काही उरलेला नाही. आई विचारते आहे की नावेत पोळपाट-लाटणं आहे का. मी विचारतो आहे की पलंग किती लांब आहे, मापून कळव, अंदाजानं नको.

आणि खडू पुसू देऊ नकोस. हातोडी माझी मी आणतो.

तुझा,
बाबा