गौरीचा डावा पाय

पाहुण्यांच्या आधी आली ती हौसा. हौसा म्हणजे माझी धाकटी जाऊ, दगडी गडग्याच्या पलीकडचं घर तिचं. “माझी कोंबडी आली काय गो हिकडं?” असं माझ्या नातीला, श्रद्धाला, विचारत ती दारापुढच्या खळ्यात उभी राहिली. हौसाकडे कोंबड्या नाहीत. मुंगसाने शेवटची नेली त्यालाच किती वर्षं झाली, सगळ्या वाडीला माहीत आहे. पण रस्त्यावर मुंबईची गाडी थांबलेली बघून तिला घरात बसवेना, आणि वाटणी झाल्यापासून ती या खळ्यात पाऊल टाकत नव्हती, म्हणून कोंबडी.

वकील म्हणतात, मावशी, मृत्युपत्र असं सुरू होत नाही, आधी नावगाव लिहा. लिहिते.

मी मथुरा गंगाराम मांडवकर (ह्यांचं नाव उखाण्यात घेत होते, आता कागदासाठी घेतलं), राहणार वरची वाडी, तालुका जिल्हा रत्नागिरी. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, दाखला नाही, नारळी पुनवेला झाले एवढं आई सांगायची. शिक्षण तिसरी, तेही आंब्याचे दिवस सोडून. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी भाकऱ्या मीच भाजल्या आणि वकिलांनी चहात दुसऱ्यांदा साखर घातली तेव्हा मीच हात धरला. हे मी माझ्या खुशीने लिहिते आहे. कुणी धाक घातलेला नाही. भास्करने, माझ्या लेकाने, फोनवर मला बोलूच दिलं नाही, पण तो धाक नव्हे, तो त्याचा स्वभाव. याआधी मी असला कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

घर भास्कर आणि दीपाली, दोघा भावंडांचं, सारखं. दीपाली दापोलीला दिली म्हणून तिचं घर तिकडे, असं कुणी म्हणू नये. दारचा फणस तोडू नये. पडवी मात्र श्रद्धाने हवी तोवर वापरावी, तिचं कागद कापायचं मशीन तिथेच राहील. पोस्टात जे काय निघेल ते दीपालीचं. माझी पितळी पळी भास्करच्या मेहुणीने बारशाला नेली ती अजून आलेली नाही. ती ज्याला परत आणता येईल त्याची.

आता दुसरी मालमत्ता. वकिलांनासुद्धा ती समजावून सांगावी लागली.

श्रद्धा भास्करची थोरली. मुंबईची नोकरी सोडून माझ्याकडे राहिली तेव्हा लोक म्हणाले, पोरीचं काहीतरी बिनसलं. काही बिनसलं नव्हतं. तिला कागदाचं वेड. फोटो चिकटवायच्या वह्या असतात, त्यांना स्क्रॅपबुक म्हणतात. फोटोच्या भोवतीने लावायला रंगीत कागद, स्टिकर, नक्षीच्या चिकटपट्ट्या लागतात. बाजारात मिळतात त्यांच्यावर फुगे, अस्वलं आणि बर्फ. एकदा ती दीपालीच्या लग्नाच्या पंगतीचा फोटो घेऊन बसली होती. म्हणाली, “आजी, पत्रावळीवरच्या भाताला बर्फाची कड कशी लावू?” मी म्हटलं, “बर्फ कशाला गो? केळीच्या पानाची लाव.” तिथून सुरू झालं. मी सांगायचं, तिने काढायचं. मी म्हणायचं, असं नाही, आणि तिने परत काढायचं.

पहिला संच पोपटाचा. हे पोफळीला वीजघरात होते, आम्ही कॉलनीत राहायचो. सगळ्या खोल्या एका साच्यातल्या, दारंसुद्धा एकाच हिरव्या रंगाची. भास्कर शाळेतून आला की कुणाच्याही घरात शिरून जेवायला बसायचा. एकदा जोशीणबाईंकडे आमटी-भात जेवून, हात धुऊन, मग म्हणाला, “आई कुठाय?” तेव्हा मी गेरूने आमच्या दारावर पोपट काढला. साहेबांनी विचारलं, सरकारी दारावर हे काय? हे म्हणाले, “साहेब, पत्ता आहे.” पुढे शेजारणी आल्या, माझ्याही दारावर काहीतरी काढून दे. कुणाच्या दारावर मासा, कुणाच्या सूर्य, जोशीणबाईंनी मुद्दाम आमटीची वाटी काढून घेतली. श्रद्धाने त्या सगळ्या दारांचे स्टिकर केले आहेत. लोक म्हणे नव्या घराच्या फोटोला लावतात. ती दारं चितारायची काथ्याची कुंची आणि पोफळीहून आणलेली मोठी कातर श्रद्धाची.

दुसरा संच चिंध्यांचा. हे पोफळीच्या आधीचं, तेव्हा हेही मुंबईलाच होते. वाडीतले बाप्ये मुंबईला परत जायला निघाले की एसटीच्या टपावर सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच, सगळ्यांत कोकमं, सुकट आणि कुळथाचं पीठ. म्हणून आम्ही बायका पिशवीच्या तोंडाला आपापल्या लुगड्याची चिंधी बांधायचो. मुंबईत उतरल्यावर नवरा बायकोचं लुगडं ओळखून पिशवी काढायचा. रघू भाऊजींनी, म्हणजे हौसाच्या नवऱ्याने, एकदा दुसऱ्याच बाईची चिंधी ओळखली, त्याची गंमत हौसाच्या तोंडून ऐकावी, मी लिहीत नाही. त्या चिंध्यांच्या चिकटपट्ट्या झाल्या आहेत, तेराच्या तेरा लुगडी मी आठवून सांगितली. भास्करची बायको आधी हसली होती, चिंध्या कोण विकत घेतं म्हणून. तिला त्यातली लाल ठिपक्यांची पट्टी द्यावी, ती तिच्या सासूच्या लुगड्याची आहे.

तिसरा संच गौरीच्या पावलांचा. यासाठीच सगळा कागद.

गौर घरात येते तेव्हा तांदळाच्या पिठात मूठ बुडवून जमिनीवर टेकवायची, वर बोटांनी पाच ठिपके द्यायचे, की पाऊल होतं. उजव्या मुठीचा उजवा पाय, डाव्या मुठीचा डावा. उंबऱ्यापासून देवखोलीपर्यंत गौर चालत गेलेली दिसली पाहिजे. हौसा डावखुरी. नवी नवरी होती तेव्हा डाव्या हाताने वाढते म्हणून सासूबाईंची बोलणी खायची. पण गौरीच्या दिवशी सासूबाई तिला माझ्या डावीकडे बसवायच्या आणि म्हणायच्या, “बस गो, वर्षातून एक दिवस तरी तुझा हात कामाला येऊ दे.” टोमणाच तो, पण हौसा त्या दिवशी जी फुलायची! मी उजवा, ती डावा, मी उजवा, ती डावा, अशा आम्ही दोघी बसल्या बसल्या सरकत देवखोलीपर्यंत जायचो. मध्ये हसायला यायचं. हसलं की ठिपका चुकायचा, मग गौरीला सहा बोटं. सासूबाई ओरडायच्या. तेव्हा घरात चूल एक होती, आणि दिवाळीला पोरांना एकाच ताग्यातले सदरे.

मग वाटणी झाली. भावकीने ठरवलं, गौरीचा पितळी मुखवटा थोरल्या घरात राहील, तशीच रीत आहे. हौसा म्हणाली, “गौर तुमची ना? मग पावलं पण तुम्हीच काढा.” मी म्हटलं, “काढू.” आणि काढली. उजवी. डावा पाय हौसाचा, तो मी का काढू? दरवर्षी नुसती उजवी पावलं उंबऱ्यापासून देवखोलीपर्यंत. ह्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, “गौर लंगडी घालत आली काय?” मी म्हटलं, आली ना? हे गेले, गौर तशीच येत राहिली. मला त्यात काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याचा पाय त्याने काढावा.

श्रद्धाने माझ्या मुठीचे ठसे कागदावर घेतले तेही उजवेच. त्याचे ताव छापून तिने फोटो टाकले, ते बघून मुंबईची नम्रता आली. तिचं अशा सामानाचं दुकान आहे, बरोबर तिच्याकडे काम करणारा अपूर्व. मुलगी गोड आहे, चपला काढून आत आली आणि आधी पाणी प्यायली. पोपट बघून हसली, चिंध्या बघून तिचे डोळे भरले, तिची आजी राजापूरची. मग पावलं तिने ओटीवर एकापुढे एक मांडली आणि म्हणाली, “आजी, ही सगळी उजवीच कशी?”

मी काही बोलायच्या आत अपूर्व म्हणाला, “सोपं आहे, उलटं करतो.” मोबाइलवर माझा पाय त्याने उलटा केला आणि डावा म्हणून दाखवला. हौसा अजून खळ्यातच होती, कोंबडी शोधत. ती ओटीच्या पायरीपर्यंत आली, मोबाइलमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाली, “ह्यो पाय हिचाच हाय. आरशात धरला म्हणून काय माझा झाला? माझी करंगळी वाकडी.”

खरंच वाकडी आहे. भात कांडताना मुसळाखाली आली होती. तिच्या पावलाला कडेला एक खाच पडते, ती मला विसरायलाच झाली होती. मोबाइलला तर माहीतच नव्हती.

नम्रताने मोबाइल अपूर्वच्या खिशात घातला. म्हणाली, “दोन्ही पाय असतील तर मी हा संच घेते. नसतील तर राहू दे, बाकीचे दोन घेते.” श्रद्धाचा चेहरा बघवेना, पोरीने सगळ्यात जास्त राबून केलेला संच तो. हौसा म्हणाली, “कोंबडी नाय दिसत हिथं,” आणि गेली.

त्या रात्री भास्कर फोनवर म्हणाला, “आई, उलटा करून देऊन टाक, कुणाला कळतंय?” मी म्हटलं, हौसाला कळतं. तेव्हाच मी वकिलांना बोलवायचं ठरवलं. माझ्यामागे पोरं मोबाइलवरच गौर चालवतील.

म्हणून या संचाची व्यवस्था अशी. उजवा पाय माझा, तो माझ्यामागे श्रद्धाचा. डावा पाय हौसा रघुनाथ मांडवकर हिचा, तिच्यामागे तिची नात सानवी हिचा, तीही डावखुरी आहे. दोन्ही पाय एकाच तावावर छापले जातील, एकटा पाय कुणी विकू नये, उलटा करून तर नाहीच. मुखवटा रीतीप्रमाणे या घरात राहील. पण माझ्यामागे दोन्ही घरच्या दोन मुठी टेकल्याशिवाय गौर या उंबऱ्याच्या आत घेऊ नये. थांबू दे तिला तुळशीपाशी. तिला सवय आहे वाट बघायची.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा हौसा आली. या वेळी कोंबडी नाही. ठेवणीतलं लुगडं, केसांत आबोली. वाडीत कळलं होतं की मथुरा कागद करते आणि साक्षीदार लागतात, म्हणून बाई साक्षीला आल्या. वकील म्हणाले, “काकू, ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीला न बसलेलं बरं.”

“मला काय मिळतंय?” हौसा म्हणाली. “मला हिचं काय नको.”

मी म्हटलं, “माझं नाहीच देत. तुझंच देते.”

“काय?”

“डावा पाय.”

वकिलांनी तिला वरचा मजकूर वाचून दाखवला. तुळशीपाशी थांबलेल्या गौरीपर्यंत आल्यावर ती ह्यांची आठवण काढून म्हणाली, “भावजी असते तर हसले असते.” पदराचा काठ सरळ केला. मग श्रद्धाला म्हणाली, “बघतेस काय? गेरू कालव. पातळ नको.”

खाली माझी सही आहे. तिच्या शेजारी दोन पावलं आहेत, उजवं माझं, डावं हौसाचं. वकील म्हणाले, कायद्यात त्याला काही अर्थ नाही, पण राहू दे. डाव्या पावलाला कडेला खाच आहे ती बघावी. सहावं बोट माझ्याकडून पडलं, हौसाने हसवलं म्हणून.

मथुरा गंगाराम मांडवकर

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
कमला वासुदेव जोगळेकर, निवृत्त शिक्षिका
गोविंद तुकाराम शिगवण, निवृत्त एसटी कंडक्टर (टपावरच्या चिंध्या यांनी स्वतः बघितल्या आहेत)

ठिकाण वरची वाडी, माझ्याच ओटीवर. नागपंचमीचा दुसरा दिवस, ३० जुलै २०२५.

ता. क. नम्रताला फोन लागला. ती आणि अपूर्व गौरी येतात त्या दिवशी, रविवारी ३१ ऑगस्टला येणार, पावलं काढताना बघायला. हौसा म्हणाली, तांदूळ मी वाटून आणते, तुझं पीठ नेहमी जाडं राहतं.