वरून बघणारा

३ जून
बढती झाली! आजपासून मी बेकरीचा सुपरवायझर. जिन्यावरच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि खाली बघायचं. हिनं दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. देवापुढे हात जोडले — डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस रे बाबा.

४ जून
भट्टीवाला भोंग्या मला "साहेब" म्हणाला. भोंग्या! पोरवयापासून आम्ही एकाच परातीत पीठ मळलं. कालपर्यंत "ए टकल्या" शिवाय हाक नाही. म्हटलं, "चेष्टा करतोस का रे?" तर म्हणे, "नाही साहेब. माणसानं पायरी ओळखून असावं." डबाही लांब बसून खाल्ला.

६ जून
मेहुणा शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याच्याकडून शब्दांची कुळकथा सांगणारं जाडजूड पुस्तक आणलं. काय एकेक हुद्दे! मार्शल म्हणजे मुळात घोड्यांची चाकरी करणारा. मिनिस्टर म्हणजे सेवक. आणि लॉर्ड? पाव राखणारा! लेडी म्हणजे पीठ मळणारी. हिला सांगितलं. म्हणाली, "मग लॉर्डसाहेब, ओट्यावरचे पाव राखा जरा. मांजर आलंय."

७ जून
भोंग्याला सगळं ऐकवलं. "बघ, मोठे मोठे साहेब मुळात गडीच. आणि पाव तर तू राखतोस, म्हणजे लॉर्ड तूच!" शांतपणे म्हणाला, "बरं साहेब. चहा आणू?"
डबा न उघडताच घरी परत नेला.

८ जून
सुपरवायझर हाही शब्द काढला. वरून बघणारा. बस्स, एवढंच!

९ जून
घात झाला. मालकांचा नवा नियम असा, की मी वरून हात केल्याशिवाय भट्टीतून ट्रे काढायचे नाहीत. आणि मी त्या पुस्तकात 'कॅप्टन'ची कुळकथा वाचत बसलेलो! खाली सगळे माझ्या हाताकडे बघत उभे. भोंग्यासुद्धा — साहेबांची खूण नाही ना! पान उलटलं तर धूर काचेपर्यंत. तेवढ्यात खालून गर्जना, "अरे ए टकल्या! डोळे फुटले का तुझे? उतर खाली, गाढवा!"
अख्ख्या खेपेचा कोळसा. आणि मी जिन्यावर उभा राहून हसतोय! देवा, कान तृप्त झाले.
नजर वळली तर बेकरीच्या दारात मालक.

१० जून
मालक म्हणाले, "आवाजात जरब अशी हवी." भोंग्या सुपरवायझर झाला. मी परत भट्टीवर. हिला अजून सांगितलेलं नाही.
सकाळी वर बघून वाकून म्हणालो, "नमस्कार, साहेब!"
वरून एक शिळा पाव थेट टकलावर आला. राखून ठेवलाय.