रिपोर्ट चांगला आलाय

२४ एप्रिल, शुक्रवार
माहेराहून, मंडणगडहून आले तर घराला कुलूप. शेजारच्या हौसाकाकी म्हणाल्या, संदेश आंब्यावरून पडला, रत्नागिरीला नेलाय. तशीच धावले. नवरा शुद्धीवर होता. डोक्याला टेंगूळ, एकदा उलटी. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडले? सासूबाई म्हणाल्या, ‘आज सकाळी.’ संदेश छताकडे बघत होता.
रक्त घेतलं. मेंदूला मार लागला की काही तासांत रक्तात त्याची खूण दिसते म्हणे; नसली तर स्कॅन नको. खूण नव्हती. घरी आलो.

२५ एप्रिल
रिपोर्ट चांगला आलाय — येणारा-जाणारा हेच. संदेश चहा हातात धरून बसला, प्यायचं विसरला.

२७ एप्रिल, सोमवार
भर हंगामात आंबा उतरायचा राहिलाय. सासरे ओरडले, ‘रिपोर्ट चांगला हाय, मग सोंगा कशाला?’ मी भांडले. काही उपयोग नाही. दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, नॉर्मल आहे, आराम द्या. कागद बरा आहे, माणूस बरा नाही! कोणाला सांगू?

२९ एप्रिल
आज मला ‘ताई’ म्हणाला. मग कसनुसा हसला. हा हातचा गेला. पडवीत बसलेला तो कोण, मला माहीत नाही.

३० एप्रिल, गुरुवार
सकाळी एक पाय ओढायला लागला. कोणाला न विचारता रिक्षा आणली. सासूबाई बरोबर आल्या. अर्ध्या वाटेत रडायलाच लागल्या. ‘बुधवारी पडला गो तो. ह्यांनी देवीला विचारलान, कौल डावा लागला, म्हंजे न्यायचा नाय. शुक्रवारी उजवा दिलान, तवा हलवला. डॉक्टर वरडंल म्हणून आज पडला सांगितला.’
दोन दिवस! रिक्षावाल्याला म्हटलं, जोरात घे. सासूबाईंशी बोलले असते तर भलतंच बोलले असते.
डॉक्टरांना मीच सांगितलं. त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला सारला. ‘ती खूण दिवसाभरानंतर विरत जाते. इतक्या उशिरा घेतलेल्या रक्तावर विसंबता येत नाही, वहिनी.’ लगेच स्कॅनला नेलं.

तोच दिवस, संध्याकाळ
डोक्यात रक्त साकळलंय. ऑपरेशनला कोल्हापूरला न्यायचं. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. डॉक्टर म्हणाले, ‘काढता येतं.’